नऊ चौकोनांचं आडनाव

सुपरमार्केटच्या मागच्या कार पार्कमध्ये दुपारी एक वाजता दोन पांढऱ्या व्हॅन येऊन उभ्या राहायच्या. दुपारच्या पाळीची माणसं त्याआधीच अर्धा तास ट्रॉल्यांच्या कठड्याजवळ जमलेली असायची. सगळी पोलिश. साउथहॅम्प्टनच्या बाहेर सॅलडची पानं धुऊन पिशव्यांत भरायचा एक कारखाना होता. त्याला माणसं पुरवणारी एक एजन्सी होती. त्या एजन्सीचा माणूस क्लिपबोर्ड घेऊन पहिल्या व्हॅनच्या पायरीवर चढायचा आणि यादी वाचायचा. नाव आलं की व्हॅनमध्ये चढायचं. नाव आलं नाही तर घरी जायचं. सलग तीन दिवस नाव आलं नाही तर एजन्सीचं कार्ड परत द्यायचं, म्हणजे काम संपलं.

तो यादी कशी वाचायचा ते सांगते. सोपं आडनाव असलं की खणखणीत. जरा लांब आलं की पहिलं अक्षर उच्चारून थांबायचा, डोळे बारीक करायचा, ओठांनी फुर्र असा आवाज काढायचा आणि म्हणायचा, "नाही जमत. नेक्स्ट." दोन-चार जण हसायचे. ज्याचं नाव फुर्र झालं तोही कधीकधी हसायचा. आणि त्या हसण्यात एका माणसाचा दिवस गेलेला असायचा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला इतका राग आला की हातातली दुधाची बाटली मी घरापर्यंत चेपत नेली.

साल दोन हजार सहा, उन्हाळा. पोलंड युरोपियन युनियनमध्ये येऊन दोन वर्षं झाली होती. मी पुण्याहून एमएस्सी करायला आले आणि नोकरी लागली म्हणून राहिले. आठवड्यातले चार दिवस एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. शुक्रवार मोकळा होता, आणि मोकळा दिवस मला सोसत नाही. पुण्यात कॉलेजपासून मी पत्रकं लिहायचे. झाडूवाल्या बायकांसाठी, कंत्राटी कामगारांसाठी, बंद पडलेल्या बस थांब्यासाठीसुद्धा. आम्हाला शिकवणाऱ्या ताईंचा एक नियम होता: "पहिल्या परिच्छेदात माणूस, दुसऱ्यात अन्याय, तिसऱ्यात मागणी. माणूस दिसला नाही तर पत्रक शेंगदाण्याच्या पुडीला जातं." हा नियम माझ्या अंगात इतका मुरला होता की मी आईला पत्र लिहिलं तरी तिसऱ्या परिच्छेदात मागणी यायची.

माझ्या घरात खालच्या मजल्यावर पुढच्या खोलीत दोन पोलिश बायका राहायच्या. दोघी त्याच व्हॅनने जायच्या. त्यांतली एक पन्नाशीची, आपल्या गावात वीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवून आलेली. मी तिला मनातल्या मनात बाई म्हणायचे. आपल्याकडे शाळेत म्हणतात तसं. पुढे ते तोंडावाटेही निघालं, आणि त्याचा अर्थ सांगितल्यावर तिला ते पटलं. दुसरी तिशीतली, अबोल. ती स्वयंपाकघरात आली की आधी आपला कप धुवायची आणि मग चहा करायची. तिच्याबद्दल मला तेव्हा एवढंच माहीत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नाही.

बाईंची एक मुलगी पोलंडमध्ये शिकत होती. तिचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. ते पुरं होईपर्यंत बाईंना इथलं कार्ड टिकवायचं होतं. बस, एवढंच. त्यांना ना इंग्लंड आवडत होतं ना सॅलड.

मी त्यांना म्हटलं, "बाई, मी कार पार्कमध्ये उभी राहून तुमच्या लोकांशी बोलणार. पोलिशमध्ये."

त्यांचं इंग्रजी तुटक होतं, पण त्यात एकही शब्द वाया जायचा नाही. त्या म्हणाल्या, "तू? आधी एक शब्द बोल."

मी डिक्शनरीत पाहून ठेवलेला शब्द बोलले. अर्थ, परदेशी बाई. त्यांनी डोळे मिटले. दुखतंय तसे.

"परत. आणि हात इथे ठेव." त्यांनी माझाच हात उलटा करून माझ्या हनुवटीखाली लावला. "हनुवटी किती वेळा खाली येते, मोज. पहिलीतली मुलं असंच करतात."

त्सु-द्झो-झ्येम-का. चार वेळा. चार अक्षरं. आपण ज्याला अक्षर म्हणतो तेच, कागदावरचं नव्हे, तोंडातलं.

मला वाटलं, हे तर आपल्याला जन्मतः येतं. आपली लिपीच अक्षरांची. इंग्रजांची अडचण काय आहे ते मला त्या क्षणी कळलं, आणि जरा चढल्यासारखंही झालं. बाईंनी ते लगेच उतरवलं. मी डी आणि झेड वेगळे करून बोलत होते. "ते दोघे नवरा-बायको आहेत," त्या म्हणाल्या. "कागदाच्या कडेला जागा संपली तरी त्यांच्यामध्ये तोडायचं नाही. तोडलंस तर घर मोडतं." मग शब्दाच्या पोटातला जोड दाखवला. पुढचा अर्धा भाग 'परका', मागचा अर्धा 'जमीन', आणि मध्ये एक 'ओ', शिवणीच्या टाक्यासारखा. "लांब शब्द आला की घाबरायचं नाही. टाका शोधायचा. 'ओ' दिसला की समजायचं, इथे दोन कापडं जोडली आहेत."

"आणि जोर?"

"जोर नेहमी शेवटून दुसऱ्यावर. शब्द चारचा असो, बाराचा असो. शेवटी आणखी एक अक्षर आलं तर जोर पुढे सरकतो. जोर शब्दाच्या मालकीचा नाही. जागेच्या मालकीचा आहे."

असे आमचे दुपारचे वर्ग सुरू झाले, बाईंच्या सुट्टीच्या दिवशी. बाई बटाटे सोलायच्या आणि मी हनुवटीखाली हात धरून टेबलाशी बसायचे. माझं वय पंचवीस. 'पंचवीस वर्षांची' हा पोलिशमध्ये एकच शब्द आहे, आणि तो येईपर्यंत बाईंनी मला पुढे जाऊ दिलं नाही. द्वु-जे-स्तो-प्येन्-च्यो-लेत्-न्या. सात अक्षरं, तीन तुकडे, जोर 'लेत्'वर, आणि पहिल्या 'द्वु'वर एक हलकीशी टिचकी. "टिचकी म्हणजे दारावरची टकटक," बाई म्हणाल्या. "खरा माणूस मागून येतो." मला ती टिचकी आठवडाभर जमली नाही. मी सगळीच अक्षरं एका उंचीची बोलत होते, आणि त्या म्हणत होत्या की असं बोलणारा माणूस त्यांना पत्ता विचारणाऱ्या यंत्रासारखा वाटतो.

मी म्हटलं, "आमच्या भाषेत असा जोर नसतो."

"एक लांब शब्द बोल तुझा."

मी म्हटलं, "महानगरपालिका." पत्रकांमुळे हाच तोंडात पहिला येतो.

त्यांनी तो मला तीनदा बोलायला लावला आणि सोलाण्याने टेबलावर ठोके दिले. "इथे. आणि इथे," त्या म्हणाल्या. 'हा'वर आणि 'पा'वर. "तुझ्याही शब्दात टाका आहे, जोर आहे. तुला तुझा ऐकू येत नाही, म्हणून वाटतं की नाही."

अबोल बाई ओट्याशी कप धूत होती. ती हसली.

याच दिवसांत एका रविवारी हॉलमध्ये मराठी मंडळाचं जेवण होतं. पुण्या-नागपूरची आयटीतली मुलं, हॉस्पिटलमधली डॉक्टर कुटुंबं, मसालेभाताची मोठी पातेली, आणि मागे लावलेला प्रोजेक्टर कोणालाच सुरू करता येत नव्हता. मी भाताच्या रांगेत यादीची गोष्ट सांगितली. माझ्यापुढे एक डॉक्टर काका होते, वीस-बावीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात काढलेले. ते म्हणाले, "अगं, पण ते बिनव्हिशाचे आलेत. आपल्या डॉक्टर मुलांना यंदा नियम बदलून परत पाठवतायत, आणि तू त्यांच्यासाठी कशाला उन्हात उभी राहतेस?"

"काका, नाव वाचता येत नाही म्हणून माणसाचं काम जातं. हे चालेल तुम्हाला?"

"नावाचं काय घेऊन बसलीस. माझं बघ." त्यांनी खिशाला लावायचा बिल्ला पाकिटातून काढून दाखवला. रविवारीसुद्धा तो त्यांच्याजवळ होता. त्यावर त्यांच्या सहा अक्षरी आडनावातली पहिली दोन अक्षरं होती आणि पुढे काहीच नव्हतं. "पहिल्याच आठवड्यात वॉर्ड सिस्टरने कापलं. मी म्हटलं, काप. अडलं का माझं काही?"

"अडलं नसेल. पण बिल्ला रविवारी का बाळगता, काका?"

हे मी बोलायला नको होतं. काकूंनी माझ्या ताटात एक जादा पुरी टाकली, तोंड बंद करायला. काकांनी बिल्ला परत पाकिटात ठेवला आणि म्हणाले, "पत्रक काढ तू. काढच." ते चिडून म्हणाले, पण मी ते आशीर्वादासारखं घेतलं. घरी येऊन त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसले.

मी ते इंग्रजीत लिहिलं, कारण ते सुपरमार्केटच्या गिऱ्हाइकांनी वाचावं असं मला वाटत होतं. त्यांच्या सॅलडच्या पिशवीमागे काय आहे ते त्यांना कळायला नको? मथळा: 'आमची नावं पूर्ण वाचा'. आणि पहिल्या परिच्छेदात माणूस. ताईंच्या नियमाप्रमाणे.

मी नाव छापलं नाही. मला तेवढी अक्कल होती असं मी समजत होते. मी लिहिलं, पन्नाशीची एक शिक्षिका, वीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलेली, इथे पानं धुते, आणि तिचं स्वतःचं नाव कोणाला वाचता येत नाही. बाईंनी लग्नानंतर माहेरचं आडनाव सोडलं नव्हतं. नवऱ्याचं त्याला जोडलं होतं. चार अक्षरांचं एक, पाच अक्षरांचं दुसरं, मध्ये आडवी रेघ. मी नावाच्या जागी नऊ चौकोन काढले, आणि तिसरा आणि आठवा काळा केला. प्रत्येक भागाचा जोर शेवटून दुसऱ्यावर. खाली लिहिलं, 'इतकंच शिकायचं आहे. लहान मुलाला पाच मिनिटं लागतात.' मला ते चित्र इतकं आवडलं की मी पानाच्या मधोमध मोठं करून लावलं.

बाईंना विचारलं नाही. यावर मी पुढे किती तरी कारणं शोधली. त्या पाळीवर होत्या, प्रिंटर शुक्रवारी सकाळीच मोकळा होता, वगैरे. खरं कारण एकच. नाही म्हणतील असं वाटलं आणि चौकोन काढून टाकावे लागले असते.

शुक्रवारी दुपारी मी कार पार्कच्या तोंडाशी उभी राहून दीडशे पत्रकं वाटली. यादीवाल्यानेही एक घेतलं. "थँक्स, लव्ह," म्हणाला. व्हॅनला टेकून त्याने ते सावकाश वाचलं. मग बोटाने चौकोन मोजले. मग मान वर करून गर्दीकडे पाहिलं.

त्या कार पार्कमध्ये चार आणि पाचचं जोड-आडनाव एकाच बाईचं होतं. हे त्याला माहीत होतं, तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. फक्त छापणारीला सुचलं नव्हतं.

त्या दिवशी त्याने फुर्र केलं नाही. बाईंच्या नावाशी थांबला, पत्रक वर धरलं, म्हणाला, "हे मला अजून शिकायचंय. नेक्स्ट." सगळ्यात मोठं हसू त्या दिवशी झालं. सोमवारी पुन्हा तेच.

सोमवारी मी ऑफिसातून आले तेव्हा बाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. कामावर असायला हव्या होत्या. समोर माझं पत्रक होतं. त्यांनी ते पहिलीतल्या वहीसारखं लाल पेनने तपासलं होतं. इंग्रजीच्या दोन चुका काढल्या होत्या, आणि चौकोनांभोवती एक गोल.

"हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तिसरा, आठवा. बरोबर."

"बाई, तो माणूस नीच आहे."

"हो. पण त्याने चौकोन काढले नाहीत."

"मी नाव लिहिलं नव्हतं."

"वर्गात एका मुलाने चड्डी ओली केली, तर मी म्हणते का, मी नाव सांगत नाही, पण ज्याच्याकडे लाल दप्तर आहे तो?" त्यांनी लाल पेनला टोपण लावलं. "तू मला विचारलं नाहीस. आम्ही दोन दिवस चालत परत आलो. उद्या तिसरा."

त्या 'आम्ही' म्हणाल्या. इंग्रजीत, स्पष्ट. मी ते ऐकलं आणि माझ्या कानांनी त्याचं 'मी' करून घेतलं. माझ्या डोक्यात एकच माणूस होता, पहिल्या परिच्छेदातला. अबोल बाई दाराशी उभी होती आणि तिच्याही पायांत कामाचे बूट नव्हते. मी तिच्याकडे पाहून 'हाय' म्हटलं.

मंगळवारी मी रजा टाकली आणि एकाला दहा मिनिटं असताना कार पार्कमध्ये पोचले. यादीवाला पायरीवर चढताच मी पुढे झाले.

"तू तिला मुद्दाम गाळतोयस."

"कोणाला, लव्ह?"

"तुला माहीत आहे कोणाला. नाव वाचता येत नाही हे कारण नाही. शिकायला पाच मिनिटं लागतात."

"वाचलं मी. लहान मूलसुद्धा वगैरे." तो हसला. रागावला नाही, हे जास्त वाईट होतं. मग त्याने क्लिपबोर्ड माझ्यापुढे धरला. "मग वाच, प्रोफेसर. आज तू वाच. मला पाच मिनिटं सिगारेट."

मी तो घेतला. तुम्ही असतात तर तुम्हीही घेतला असता. आठ आठवडे हनुवटीखाली हात धरून बसले होते ती कशासाठी? मी पायरीवर चढले. यादी आडनावांच्या वर्णक्रमाने होती. मी बाईंचं नाव शोधलं, ते खाली होतं, आणि क्रम मोडून तेच आधी वाचलं. नऊच्या नऊ. तिसऱ्यावर जोर, आठव्यावर जोर, पहिल्यावर टिचकी. एकही घर मोडलं नाही. गर्दीतून कोणीतरी टाळी वाजवली. बाई पुढे आल्या, माझ्याकडे न बघता व्हॅनमध्ये चढल्या.

मग मी वरून सुरुवात केली. जी नावं तो महिनोन्महिने फुर्र करत होता ती मी एकेक करून पूर्ण वाचली. माणसं चमकून वर बघत होती. एक म्हातारा टोपी काढून चढला. माझा आवाज चढत गेला. मला वाटलं, हीच चळवळ, याहून वेगळं काय असतं.

"एकोणतीस," यादीवाला सिगारेट ओढत मोजत होता. "तीस. एकतीस. बत्तीस. बस."

"काय बस?"

"सीट संपल्या. सोळा आणि सोळा."

मी यादीकडे पाहिलं. प्रत्येक ओळीच्या आधी आकडा होता. तो आठ आठवडे माझ्या डोळ्यांसमोर नव्हता, पण कोणालाही विचारला असता तर कळला असता. शेवटचा आकडा एक्केचाळीस.

"रोज नऊ राहतात," तो म्हणाला. त्याने माझ्या हातातून क्लिपबोर्ड घेतला नाही. "ऑफिस जास्तीच बोलावतं, कोणी आलं नाही तर पंचाईत नको म्हणून. कोणीतरी राहणारच. मी म्हणतो, जमत नाही मला हे नाव, चूक माझी. ते घरी जाऊन म्हणतात, त्या गाढवाला आमचं नाव येत नाही. कोणाला वाईट वाटत नाही. तू आता नीट वाचलंस. आता जे राहिले ते कशामुळे राहिले, सांग त्यांना."

त्याने स्वतःला सज्जन ठरवलं होतं ते मी एक क्षणही मानलं नाही आणि आजही मानत नाही. बाईंना त्याने सूड म्हणून गाळलं होतं. पण नऊचा हिशेब खरा होता.

त्याने दारं ओढून घेतली. मी पायरीवरून उतरले. कार पार्कमध्ये नऊ माणसं उरली होती. मी काय केलं असेल? मी उरलेली नऊ नावंही वाचली. कशासाठी, मला माहीत नाही. यादी हातात होती म्हणून. व्हॅन माझ्यामागे सुरू झाल्या होत्या आणि मी जोर शेवटून दुसऱ्यावर ठेवून वाचत होते. यादीवाल्याने खिडकीतून हात काढला आणि क्लिपबोर्ड ओढून घेतला तेव्हा मी एक्केचाळिसाव्या नावावर होते. तीन अक्षरांचं, अगदी सोपं, कुठल्याही इंग्रज माणसाला पहिल्या झटक्यात यावं असं. म्हणूनच ती रोज चढायची. वरची अवघड नावं गळली की खाली जागा व्हायची.

अबोल बाईने मान वर केली. ती हजर होती.

"तुझा कितवा दिवस?" मी विचारलं.

"तीन," ती म्हणाली. शुक्रवारी आणि सोमवारी त्याने तिलाही गाळलं होतं, एकाच खोलीत राहते म्हणून. मी शुक्रवारी तिथे उभी होते, हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. दिसली नाही. ती माझ्या पत्रकात नव्हती.

त्याच आठवड्यात तिचं कार्ड गेलं. तिने बर्मिंगहॅमला कोणी ओळखीचं शोधलं आणि शनिवारी सकाळच्या कोचने निघाली. मी बॅग उचलायला गेले. स्टँडवर मी तिला तिच्या नावाने हाक मारली, तीन अक्षरं, मधल्यावर जोर. बरोबर आलं होतं.

"आता?" ती इंग्रजीत म्हणाली. त्यात राग नव्हता. विचारत होती. मी तिची बॅग कोचच्या पोटात सरकवली.

बाई चढल्या होत्या, मी हे लपवून लिहू शकले असते. त्यांनीच सांगितलं, "लिहिताना तेही लिही. मला माहीत होतं तिचा तिसरा आहे. मी चढले. मुलीचं वर्ष होतं."

मी दुसरं पत्रक लिहिलं. त्यात पहिल्या परिच्छेदात माणूस नव्हता. दोन आकडे होते: एक्केचाळीस आणि बत्तीस. मागण्या तीन: जितक्या सीट तितकीच माणसं बोलवा, आणि ज्यांना बोलवायचं नाही त्यांना आदल्या दिवशी कळवा, आणि न बोलावल्याचा दिवस कोणाच्या कार्डावर मोजू नका. ताईंच्या हिशेबाने हे पत्रक शेंगदाण्याच्या पुडीला जाणार होतं. मी ते बाईंकडे नेलं. या वेळी छापायच्या आधी.

त्यांनी वाचलं. मग म्हणाल्या, "सगळ्यांना विचारलं?"

"सगळ्यांना?"

"एक्केचाळीस लिहिलंस. एक्केचाळिसांना विचार. आणि विचारायला जाशील तेव्हा नावाने विचार." त्यांनी बटाट्याची टोपली बाजूला केली आणि पत्रकाच्या पाठीमागे पेन्सिलीने नावं लिहायला घेतली, आठवून, वर्णक्रमाने. यादीवाल्याच्या क्लिपबोर्डवर होती तशीच. शिक्षकाला पट पाठ असतो.

दोन दुपारी गेल्या. त्या नाव दाखवायच्या, मी हनुवटीखाली हात ठेवून वाचायचे. बाईंच्या वर्गात हजेरी घेताना मुली 'ओबेत्स्ना' म्हणायच्या. म्हणजे हजर. नाव बरोबर आलं की बाई त्या मुलांसारखं मलाच उत्तर द्यायच्या आणि पुढच्या नावाकडे बोट न्यायच्या. चुकलं की गप्प. एका चार तुकड्यांच्या आडनावाशी त्या एकदा पंधरा मिनिटं गप्प राहिल्या आणि तेवढ्यात अर्धे बटाटे सोलून झाले.

शेवटी एक्केचाळिसावं राहिलं. मी बोट उचललं. "ती गेली ना आता, बाई."

"वाच."

मी वाचलं. तीन अक्षरं, मधल्यावर जोर. ओट्यावर तिचा कप उपडा होता, धुऊन ठेवलेला.

"न्येओबेत्स्ना," बाई म्हणाल्या. गैरहजर. सुरुवातीला एक अक्षर वाढलं होतं आणि जोर जिथे होता तिथेच होता. त्यांनी नावापुढे पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली, खोडली नाही, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"आता जा, चाळीस जणांना विचार," त्या म्हणाल्या. "मग छाप."